अमीबा डोळ्यात नेमका कुठून पोचतो: रक्तातून, मेंदूतून की बाहेरून?

पॅथॉलॉजीची विद्यार्थिनी:

नमस्कार. मी पशुवैद्यकीय पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर वर्गात आहे, पहिलं वर्ष. गेले चार दिवस एकाच स्लाइडपाशी अडकले आहे, म्हणून विचारते.

सहा वर्षांची कुत्री. शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी मारतं त्या आजारासाठी तीन महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध. रक्त सुधारलं होतं. मग ताप आला, धाप लागायला लागली, खाणं सुटलं. आठवडाभरात ती एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागली, झटके आले. शेवटच्या चार-पाच दिवसांत उजवा डोळा लाल झाला आणि आतून धुरकट दिसू लागला. डावा शेवटपर्यंत स्वच्छ होता. ती वॉर्डात असताना मी रोज तिच्याजवळ बसायचे. तळहात पुढे केला की कपाळ टेकवून उभी राहायची. शवविच्छेदनही मीच केलं.

फुफ्फुसात करड्या रंगाच्या घट्ट गाठी. मेंदूत मऊ पडलेले, रक्त साकळलेले भाग. दोन्हीकडे गोल पेशी आणि काही ठिकाणी दुहेरी भिंतीचे कोष, म्हणजे अमीबाची झोपलेली अवस्था, मिळाले, त्यामुळे अमीबा आहे याबद्दल मार्गदर्शकांना शंका नाही. प्रजातीसाठी नमुना पीसीआरला गेला आहे. प्रश्न उजव्या डोळ्याचा. कोरॉइडमध्ये, म्हणजे रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात, वाहिन्यांच्या आसपास, तशाच गोल पेशी दिसतात. सर म्हणाले, मॅक्रोफेजही (जंतू गिळणाऱ्या तिच्याच पेशी) असू शकतील, घाई करू नकोस.

समजा अमीबाच असेल, तर तो तिथे आला कसा? नाकातून संसर्ग दिलेल्या उंदरांच्या डोळ्यांतही बदल दिसतात असं वाचलं होतं. मेंदूतून ऑप्टिक नर्व्हवाटे, म्हणजे डोळ्याच्या चेतेवाटे, उतरतो का? रक्तातून येतो? की कॉर्नियातून, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, आत शिरला आणि आम्ही ते पाहिलंच नाही? तिच्या मालकीणबाई एकच विचारतात: ती तळ्यात पोहायची, डोळ्यात पाणी जायचं, त्यानेच झालं का? त्यांना काय सांगू कळत नाही. नाकाचं सेक्शन माझ्याकडून राहून गेलं, हेही सांगून टाकते.

जुना स्लाइडवाचक:

डोळा काढून ठेवलात याबद्दल आधी तुमचं कौतुक. मेंदूत कारण मिळालं की डोळ्याकडे कुणी वळत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असे कित्येक डोळे जाऊ दिले, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

सरांचं म्हणणं बरोबर आहे, आधी ओळख पक्की करा. एच-ई या नेहमीच्या रंगात अमीबाची हलती अवस्था आणि फेसाळ मॅक्रोफेज इतके सारखे दिसतात की चाळीसच्या भिंगाखाली भले भले फसतात. केंद्रक बघा. अमीबाचं केंद्रक गोल, आत मोकळं, आणि बरोबर मध्यावर एक मोठा गडद ठिपका. बुडबुड्यात बसवलेला मणी म्हणा. मॅक्रोफेजचं केंद्रक एका बाजूला सरकलेलं, बहुतेकदा घेवड्याच्या दाण्यासारखं वाकलेलं, आतला ठिपका बारीक. आकारही मोजा. अ‍ॅकँथअमीबाची हलती अवस्था साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची, म्हणजे शेजारच्या तांबड्या पेशीच्या दुपटीहून मोठी. कोष मिळाला तर प्रश्नच मिटला: बाहेरची भिंत सुरकुतलेली, आतली कोनाकोनांची. पीएएस किंवा मेथेनामिन सिल्व्हर हे रंग करून घ्या, भिंती उठून दिसतील. मेंदूत कोष मिळाले आहेत म्हणजे निग्लेरिया हा मेंदूत शिरणारा दुसरा अमीबा जवळपास बाद, कारण तो ऊतींमध्ये कोष करत नाही. उरतात अ‍ॅकँथअमीबा आणि बालामुथिया. या दोघांना नुसत्या डोळ्यांनी वेगळं करायच्या भानगडीत पडू नका, ते पीसीआरलाच करू द्या.

कुत्र्याच्या डोळ्यात गोल गोल काही दिसलं की मी आणखी एक नाव मनात धरतो: प्रोटोथेका. ते शेवाळ आतड्यातून निघून रक्तावाटे डोळ्यात जातं आणि कोरॉइड-रेटिनातच ठाण मांडतं. त्याच्या एका आवरणात आतल्या आत पेशींचे वाटे पडलेले दिसतात, अमीबात ते कधीच दिसत नाहीत. शिवाय डिस्टेंपर, कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार. त्यानेही रेटिना आणि ऑप्टिक नर्व्ह सुजतात, आणि एकाच कुत्र्यात डिस्टेंपर व अमीबा दोन्ही असू शकतात. तेव्हा त्या विषाणूचे पेशीतले गुलाबी अंतःपिंड शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझा अनुभव असा की वाट शोधायची तर जीव कुठल्या थरात बसलाय ते आधी पाहावं. डोळा म्हणजे थरांची रचना आहे आणि प्रत्येक थराचं दार वेगळीकडे उघडतं.

बाहेरून आलेला अमीबा आधी कॉर्नियाच्या वरच्या आवरणात दिसतो, मग त्याखालच्या तंतूंच्या थरात, आणि कॉर्नियातल्या चेतांच्या कडेकडेने पसरतो. रक्तातून आलेला कोरॉइडमध्ये किंवा त्याच्या पुढच्या टोकाच्या सिलिअरी बॉडीत पहिल्यांदा अडकतो, कारण डोळ्यातलं बहुतेक रक्त कोरॉइडमधूनच वाहतं आणि तिथल्या वाहिन्यांचं जाळं फार दाट. मेंदूच्या बाजूने आलेला असेल तर तो ऑप्टिक नर्व्हच्या आवरणाखाली सापडायला हवा. या नर्व्हभोवती मेंदूचीच आवरणं असतात आणि मेंदूभोवतालचं पाणी थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आलेलं असतं. म्हणजे वाट रचनेनेच मोकळी आहे.

यात मला नेहमी थक्क करणारी एक गोष्ट सांगतो. नाकाच्या छतावर चाळणीसारखं हाड आहे. वासाच्या चेतांचे धागे त्याच्या भोकांतून मेंदूत जातात, आणि निग्लेरिया त्या धाग्यांना धरूनच वर चढतो. डोळ्याच्या मागच्या भिंतीलाही अशीच एक चाळणी आहे, ऑप्टिक नर्व्हचे धागे तिच्यातून बाहेर पडतात. दोन चाळण्या आणि मध्ये मेंदू. नाकातून संसर्ग दिलेल्या उंदरांचं वाचलंत, त्यात हा एवढा प्रवास डोळ्यांसमोर आणा: नाक, पहिली चाळणी, मेंदू, आवरणांखालचं पाणी, दुसरी चाळणी. पण त्याच उंदरांत अमीबा फुफ्फुसातही उतरतो आणि तिथून रक्तात जातो. त्यामुळे ‘नाकातून दिला आणि डोळ्यात मिळाला’ एवढ्यावरून वाट ठरत नाही. नर्व्हचा काप बघावाच लागतो.

नाकातून, फुफ्फुसातून मेंदूत जाण्याची ही ताकद माहीत होऊन फार वर्षं झाली नाहीत. १९५८ साली संशोधक क्लाइड कल्बर्टसन यांना पोलिओ लशीच्या कामात ऊतिसंवर्धनात अ‍ॅकँथअमीबाचे अमीबे मिळाले, आणि ते टोचलेले उंदीर व माकडं मेंदूच्या दाहाने मेली. तोपर्यंत मातीपाण्यातला हा जीव निरुपद्रवी समजला जायचा.

तुमच्या कुत्रीबद्दल आत्ताच माझा कल सांगतो: फुफ्फुसात गाठी, कोरॉइडच्या वाहिन्यांभोवती पेशी, एकच डोळा. रक्ताची वाट. पण ब्लॉकमध्ये अजून ऊती शिल्लक असेल तर ऑप्टिक नर्व्ह आडवी आणि उभी, दोन्ही कापून बघा. आणि डोळा फॉर्मलिनमध्ये ठेवला होता का? तसं असेल तर रेटिना सुटलेली दिसेल, तिच्यावर भरवसा ठेवू नका. जिवंतपणी सुटली असेल तर तिच्या खालच्या रंगद्रव्याच्या पेशी फुगून थडग्याच्या दगडांसारख्या उभ्या राहतात आणि मधल्या जागेत गुलाबी प्रथिनयुक्त द्रव दिसतो. हे दोन्ही नसेल तर ती नंतरची करामत.

डोळ्यांचा पशुवैद्य:

कॉर्नियाबद्दल मी थोडं लिहितो, कारण मालकीणबाईंचा प्रश्न तिथेच आहे.

पाण्यात असलेला अमीबा डोळ्यात गेला म्हणजे आत शिरला असं होत नाही. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या प्राण्यांचे कॉर्निया घेऊन त्यावर अ‍ॅकँथअमीबा सोडून पाहिलेत. माणूस, डुक्कर आणि चिनी हॅमस्टर यांच्या कॉर्नियाला तो चिकटला आणि आत घुसला. उंदीर, गिनीपिग, ससा, घोडा, गाय, कोंबडी, कुत्रा यांच्या कॉर्नियाला चिकटलाच नाही. म्हणून या रोगाचे प्रयोग डुकरांवर आणि चिनी हॅमस्टरवर होतात: कॉर्नियावर हलकासा ओरखडा काढायचा आणि अमीबा लावलेली काँटॅक्ट लेन्स वर बसवायची. ओरखडा महत्त्वाचा, कारण जखमी आवरणावर मॅनोज ही साखर जास्त उघडी पडते आणि अमीबाच्या अंगावरचं प्रथिन तिलाच पकडतं. एकदा पकडलं की तो प्रथिनं फोडणारी विकरं सोडतो, आवरणातल्या पेशी मरतात, खालचं कोलॅजन विरघळायला लागतं. पुढे तो वाट करून घेतो.

कुत्र्यांत कॉर्नियाचा अमीबा-रोग होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. डोळ्याचा जुना कोरडेपणा, वर्षानुवर्षं चाललेले स्टेरॉइडचे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे थेंब, अशा डोळ्यांत एकपेशीय परजीवी कॉर्नियात मिळालेले आहेत. हॅमस्टरमध्ये स्टेरॉइड दिल्यावर कोषातले अमीबे बाहेर येऊन वाढतात हेही दाखवलं गेलंय. म्हणून निदान न झालेल्या अल्सरवर (कॉर्नियाच्या व्रणावर) स्टेरॉइडचे थेंब पाहिले की मला खरंच राग येतो. दोन दिवस लाली उतरते, घरचे खूश होतात आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

आणखी एक, आणि हे तुमच्या केसमध्ये उपयोगाचं: कॉर्नियातून शिरलेला अमीबा डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत क्वचितच पोचतो. हॅमस्टरच्या डोळ्यात कॉर्नियामागच्या पोकळीत थेट अमीबे टोचले, तरी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून आल्या आणि त्यांनी ते साफ केले. पुढून मागे जाणं त्याला सोपं नाही. कोरॉइडमध्ये अमीबा असेल आणि कॉर्निया अखंड असेल, तर तो मागूनच आलाय, रक्तातून नाहीतर नर्व्हवाटे. कॉर्नियाचं सेक्शन नीट बघितलंत ना? कडेपर्यंत?

पॅथॉलॉजीची विद्यार्थिनी:

हो सर, कडेपर्यंत पाहिलं. आवरण अखंड आहे, तंतूंचा थर स्वच्छ, फक्त आतल्या बाजूला थोडे न्यूट्रोफिल चिकटलेले. शेवटच्या आठवड्यात तिला कुठलेही थेंब घातले नव्हते आणि अल्सरची चाचणी नकारात्मक होती. डोळा फॉर्मलिनमध्येच ठेवला होता. रेटिना सुटलेली आहे, पण खाली द्रव नाही आणि पेशी चपट्याच आहेत, म्हणजे ती करामतच. नर्व्हचा साधारण चार मिलिमीटरचा तुकडा डोळ्याला लागून आहे. उद्या कापते.

एक शंका. पापणीच्या आतून घेतलेला स्वॅब राखून ठेवला आहे. त्यातून अमीबा वाढला तर बाहेरून आला असं म्हणता येईल का?

आगरप्लेट:

नाही ताई, तसं म्हणू नका. मी सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत आहे आणि या एका चुकीपायी चांगल्या केसेस भरकटलेल्या पाहिल्या आहेत.

अ‍ॅकँथअमीबा माती, धूळ, नळाचं पाणी, कुंड्या, एसीचा ओलावा, सगळीकडे असतो. कोष इतके चिवट की वीस वर्षांहून जास्त काळ कोरडे ठेवलेले कोषसुद्धा पुन्हा जिवंत झालेत. त्यामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या स्वॅबमधून तो वाढला, तर फक्त एवढंच कळतं की तो तिथे होता. धुळीबरोबर आला असेल, टेबलावरून आला असेल. कॉर्नियाच्या आतून खरवडून घेतलेल्या ऊतीत सापडला तर गोष्ट वेगळी. आणि हो, स्टेनिंगच्या पाण्यातूनही अमीबा स्लाइडवर येतो! तो ऊतीच्या पातळीत नसतो, वर तरंगत असतो. फोकस खालीवर केलात की ऊती धूसर होते आणि तो स्पष्ट होतो. तुमच्या गोल पेशींवर हे एकदा करून पाहा.

तरी वाढवायचाच असेल तर पोषणद्रव्य नसलेल्या आगरवर मेलेल्या ई. कोलायचा थर द्या, स्वॅब मध्यभागी टेकवा आणि रोज उलट्या बाजूने दहाच्या भिंगाखाली पाहा. अमीबा जीवाणू खात खात पुढे सरकतो आणि मागे वाट दिसते, गवतातून गोगलगाय गेल्यासारखी. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी अर्धा तास भिंगावरून उठले नव्हते. पण बालामुथिया असेल तर या प्लेटवर काहीच उगवणार नाही. तो जीवाणूंवर जगत नाही, त्याला सस्तन प्राण्यांच्या पेशी लागतात. त्याचा पहिला शोधही असाच ऊतीतून लागला, १९८६ मध्ये सॅन दिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात मेंदूच्या दाहाने मेलेल्या एका मँड्रिल माकडिणीच्या मेंदूतून. म्हणून रिकामी प्लेट म्हणजे ‘अमीबा नाही’ असं वाचू नका.

जुना स्लाइडवाचक:

आगरप्लेट यांनी फोकसचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे.

मालकीणबाईंसाठी थोडं. त्यांना आत्ताच काही ठाम सांगू नका, पण तळ्याचा दोष स्वतःकडे घेऊन त्या बसल्या असतील तर तेवढं तरी मोकळं करा. डोळ्यात गेलेलं पाणी अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतं, हे खरं. पण हे कोष श्वासाबरोबर धुळीतूनही आत जातात, कातडीच्या जखमेतूनही जातात. निरोगी जनावरं हे रोज श्वासातून घेतात आणि काही होत नाही. इथे पारडं कशाने झुकलं ते तुमच्याच नोंदीत आहे: तीन महिने प्रतिकारशक्ती दाबलेली. तेही औषध चुकीचं नव्हतं. ते दिलं नसतं तर ती आधीच गेली असती. या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगा, एक सांगून दुसरी ठेवू नका.

आणि त्यांनी विचारलं की आम्हाला लागण होईल का, तर सांगा की हा आजार कुत्र्याकडून माणसाला लागत नाही.

पॅथॉलॉजीची विद्यार्थिनी:

कालच्या आणि आजच्या कापांचं कळवते.

ऑप्टिक नर्व्ह आडवी कापली, सहा पातळ्यांवर. आवरणाखालची जागा स्वच्छ. एकही पेशी नाही, दाहही नाही. उभ्या कापात चाळणीपाशी मी जवळजवळ तासभर बसले, तिथेही काही नाही. डिस्टेंपरचे अंतःपिंड मेंदूत किंवा फुफ्फुसात कुठेच मिळाले नाहीत.

कोरॉइडमध्ये मात्र मिळालं. पीएएस केलेल्या तिसऱ्या कापात एका छोट्या वाहिनीच्या भिंतीत दोन कोष, बाहेरची भिंत सुरकुतलेली, आतली कोनाची, आणि शेजारी एक हलती अवस्था, मध्यावर मणी बसवल्यासारखं केंद्रक. फोकस खालीवर केला. वाहिनीची भिंत आणि ते तिन्ही एकदमच स्पष्ट होतात आणि एकदमच धूसर होतात. वाहिनीत गुठळी आहे, भोवती न्यूट्रोफिल. फुफ्फुसातल्या गाठींमध्येही नेमकं हेच चित्र आहे, वाहिनीच्या भिंतीत. सरांनी दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या आणि रिपोर्टात ‘रक्तावाटे प्रसार’ लिहायला सांगितलं. पीसीआरचा निकाल आला: अ‍ॅकँथअमीबा, टी४ गट.

मालकीणबाईंना दुपारी फोन केला. दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या, तुम्ही म्हणालात तशाच. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं की शेवटी तिला त्या डोळ्याने दिसत होतं का. दाह कोरॉइडच्या एका बाजूलाच होता, बाकीच्या जागी रेटिनाचे थर शाबूत आहेत. मी म्हटलं, धूसर असेल, पण दिसत असावं, आणि डावा डोळा तर पूर्ण चांगला होता.

नाकाचं सेक्शन आता आमच्या शवविच्छेदनाच्या यादीत घातलं आहे, ऑप्टिक नर्व्हच्या खालच्या ओळीत.